नवकंकरीचा पट आणि आकड्यांचे यंत्र

(द्वितीय वर्ष, कला)

बुद्धिबळ, सारीपाट, वाघ-शेळी ही नावे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच कुळातील नवकंकरी हा खेळ मात्र आज नावानेही फारसा कोणाला आठवत नाही. या खेळाचा लाकडी पट संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या राउटर यंत्रावर कसा कोरावा, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची भाषा शिकावी लागते आणि भाषा हा तर आपल्याच शाखेचा विषय आहे.

खेळ

कंकर म्हणजे खडा. नऊ खडे घेऊन खेळावयाचा तो नवकंकरी. एकात एक असे तीन चौकोन काढावयाचे आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू एकेका रेषेने जोडावयाचे, की पट तयार झाला. चौकोनांचे कोपरे आणि बाजूंचे मध्य मिळून २४ घरे होतात. दोन खेळाडूंनी आळीपाळीने आपले नऊ-नऊ खडे रिकाम्या घरांवर मांडावयाचे. एका रेषेवरील तिन्ही घरांत आपले खडे आले, की प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. सर्व खडे मांडून झाल्यावर रेषेने शेजारच्या रिकाम्या घरात सरकत खेळ पुढे चालतो. ज्याचे दोनच खडे उरतील किंवा ज्याला हलण्यास जागा राहणार नाही, तो हरला. तीन खडे ओळीत येण्याच्या जागा मोजल्या तर चौकोनांच्या बारा बाजू आणि चार जोडरेषा मिळून सोळा भरतात.

हा खेळ एकट्या आपल्या देशाचा नाही. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने करवून घेतलेल्या आणि १२८३ मध्ये पूर्ण झालेल्या खेळांच्या ग्रंथात तो आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात त्याचा उल्लेख येतो. हंपीच्या अवशेषांत दगडी फरशीवर खेळांचे पट कोरलेले दिसतात. आपल्याकडेही लेणी, किल्ले आणि घाटवाटा येथील कातळात असे निरनिराळे पट अभ्यासकांनी नोंदविले आहेत. १९९३ मध्ये राल्फ गासर या संशोधकाने संगणकाच्या साहाय्याने असे सिद्ध केले, की दोन्ही खेळाडू अचूक खेळले तर नवकंकरीचा डाव बरोबरीत सुटतो.

ज्या खेळाला जमिनीवरची कोळशाची रेघ आणि नऊ खडे पुरतात, त्याला यंत्र कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण शिकण्याच्या दृष्टीने याहून सोयीचा नमुना मला दिसला नाही. पटातील सर्व रेषा सरळ आहेत, घरे मोजकी आहेत, आणि तरीही रेघ कोरणे, खळगा पाडणे, हत्यार बदलणे ही यंत्राची मुख्य कामे त्यात येऊन जातात.

आराखडा

हे यंत्र म्हणजे मूलतः सुताराचे हातराउटरच होय. फरक इतकाच, की त्याचे फिरते हत्यार माणसाच्या हाताऐवजी तीन मोटरींच्या ताब्यात असते. एक मोटर हत्यार डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे नेते आणि तिसरी वर-खाली करते. या तीन दिशांना अनुक्रमे एक्स, वाय आणि झेड असे अक्ष मानतात. शाळेत शिकलेली निर्देशक भूमिती येथे कामास येते. गणिताशी दहावीनंतर फारकत घेतलेल्यांनीही भिण्याचे कारण नाही, कारण पुढील हिशेब बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसा जात नाही.

२४० मि.मी. लांब, तेवढीच रुंद आणि १८ मि.मी. जाड अशी चौरस फळी घ्यावी. तिचा पुढचा डावा कोपरा हा शून्यबिंदू मानावा. चारही बाजूंना ३० मि.मी.ची कड सोडली, तर बाहेरचा चौकोन ३० पासून २१० पर्यंत, मधला ६० पासून १८० पर्यंत आणि आतला ९० पासून १५० पर्यंत येतो. बाजू अनुक्रमे १८०, १२० आणि ६० मि.मी. भरतात. सर्व मध्यबिंदू १२० या आकड्यावर पडतात. म्हणजे ३०, ६०, ९०, १२०, १५०, १८० आणि २१० या सात आकड्यांत सगळा पट बसला.

खड्यांच्या जागी दोन रंगांच्या गोट्या घ्यावयाच्या ठरविल्या. गोटी १६ मि.मी. व्यासाची धरली, तर ती घरात स्थिर बसली पाहिजे आणि बोटांनी सहज उचलताही आली पाहिजे. १२ मि.मी. व्यासाचे गोल टोकाचे हत्यार ४ मि.मी. खोल उतरवले, की खळग्याचे तोंड सुमारे ११.३ मि.मी. रुंद होते. गोटी त्या तोंडाच्या कडेवर टेकते आणि साधारण २.३ मि.मी. आत बसते. ती तळाला लागत नाही, त्यामुळे डुगडुगत नाही. शेजारच्या दोन घरांत ३० मि.मी. अंतर असल्याने दोन गोट्यांमध्ये १४ मि.मी. जागा उरते. बोटांना ती पुरते.

यंत्राची भाषा

यंत्राला आराखडा दिसत नाही. त्याला एकामागून एक ओळी वाचून दाखवाव्या लागतात. या ओळींच्या लिपीला जी-कोड असे नाव आहे. यंत्रात ही अक्षरे व आकडे रोमन लिपीत भरतात; येथे ती देवनागरीत उतरवून घेतली आहेत. बाहेरचा चौकोन कोरण्याची आज्ञावली अशी :

जी२१
जी९०
एम३ एस१२०००
जी० झेड५
जी० एक्स३० वाय३०
जी१ झेड-१.५ एफ३००
जी१ एक्स२१० एफ१२००
वाय२१०
एक्स३०
वाय३०
जी० झेड५
एम५

‘जी२१’ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये आहेत. ‘जी९०’ म्हणजे सर्व अंतरे शून्यबिंदूपासून मोजावयाची. ‘एम३’ने हत्यार फिरू लागते, ‘एस’पुढचा आकडा मिनिटाला किती फेरे ते सांगतो, आणि ‘एम५’ने ते थांबते. ‘जी०’ म्हणजे काहीही न कोरता त्वरेने जाणे. ‘जी१’ म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने सरळ रेषेत कोरत जाणे. तो वेग ‘एफ’ने सांगितला जातो, मिनिटाला इतके मिलिमीटर. झेडचा शून्य फळीच्या पृष्ठभागावर असतो. म्हणून ‘झेड५’ म्हणजे फळीच्या ५ मि.मी. वर आणि ‘झेड-१.५’ म्हणजे दीड मि.मी. लाकडात.

जी आणि एम ही या भाषेतील क्रियापदे होत. एक्स, वाय, झेड हे ‘कोठे’चे उत्तर देतात, तर एफ आणि एस हे ‘कसे’चे. आता आठवी, नववी आणि दहावी ओळ पाहा. तेथे क्रियापदच नाही! नुसते ‘वाय२१०’ लिहिले आहे. तरीही यंत्र गोंधळत नाही. सातव्या ओळीतील ‘जी१’ आणि ‘एफ१२००’ दुसरी आज्ञा येईपर्यंत चालूच राहतात. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे पाणिनीची आठवण व्हावी. अष्टाध्यायीतही एका सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालू राहते. त्याला अनुवृत्ती म्हणतात. थोडक्यात सांगण्याची गरज पडली, की माणसाची बुद्धी एकाच वाटेने जाते असे दिसते. मग समोर शिष्य असो वा यंत्र.

मोठ्या कामांत आराखडा पडद्यावर काढतात आणि अशा ओळी संगणकाची प्रणाली स्वतःच तयार करते. नवकंकरीच्या पटाची आज्ञावली मात्र शंभर-सव्वाशे ओळींत संपते. समजून घेण्यासाठी तरी ती एकदा हाताने लिहावी, असे मी सुचवीन. वहीत लिहून, आलेखाच्या कागदावर बोट फिरवून ती आधी तपासता येते.

फळी

येथवरचे सर्व काम टेबलापाशी बसून होते. पुढचे होत नाही. आमच्या घरी वडील सुतारकाम करतात. मी आकडे लिहिलेली वही त्यांना दाखवली, तेव्हा ती बाजूला ठेवून त्यांनी एकच विचारले, “फळी सपाट नसेल तर तुझं यंत्र काय करणार?”

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. रेघ कोरण्यासाठी ९० अंशांचे टोकदार हत्यार वापरतात. ते जेवढे खोल जाते, त्याच्या दुप्पट रुंद रेघ पडते. दीड मि.मी. खोलीला रेघ ३ मि.मी. रुंद होते. समजा, फळी एका ठिकाणी अर्धा मि.मी. दबलेली आहे. यंत्राला ते कळत नाही. ते आपल्या ठरल्या उंचीवरून जाते आणि तेथे रेघ एकच मि.मी. खोल, म्हणून २ मि.मी. रुंद उतरते. डोळ्यांना सहज न दिसणारा फळीचा दोष रेघेत एक तृतीयांश फरक होऊन उघडा पडतो. म्हणून आधी रंधा मारून, सर्व बाजूंनी पट्टी लावून फळी पाहावी लागते. ज्या पाटावर ती आवळावयाची, तोही सपाट आहे ना, हे पाहावे लागते.

लाकडाला दिशा असते, हेही आज्ञावलीत कोठे येत नाही. तंतूंच्या दिशेने जाणारी रेघ स्वच्छ निघते. तंतू आडवे कापणाऱ्या रेघेच्या कडेला कुसे उभी राहतात. त्यावर उपाय म्हणजे एकदम खोल न जाणे. आधी झेड -०.८ ठेवून सगळ्या रेघा एकदा काढाव्यात आणि मग -१.५ वर दुसरी फेरी घ्यावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेही तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पटाला चारही बाजूंनी चौकट चिकटवून जखडू नये.

सागवानाची जुनी फळी मिळाली. तिच्यातून चौरस तुकडा कोठून काढावा, हे वडिलांनी ठरवले. एके ठिकाणी तंतू किंचित वळलेले दाखवून ते म्हणाले, “इथं खाली गाठ असणार.” मग तुकडा अशा रीतीने आखला, की ती जागा कडेच्या ३० मि.मी.च्या मोकळ्या पट्टीत गेली. गाठीचे लाकूड कठीण असते. तेथे हत्यार अडखळते, प्रसंगी रेघेची कड ढलपते. मी लिहिलेल्या सव्वाशे ओळींत गाठ हा शब्द नव्हता. तो असण्याची सोयच त्या भाषेत नाही.

कोरण्याचे काम

तालुक्याच्या गावी एका फर्निचरच्या कारखान्यात हे यंत्र आहे. फळी पाटावर ठेवून क्लॅम्पने आवळली. क्लॅम्प हत्याराच्या वाटेत येत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे. नंतर शून्य बांधावयाचा. एक्स आणि वायचा शून्य फळीच्या कोपऱ्यावर घेतात. झेडसाठी जुनी सोपी युक्ती आहे. न फिरणाऱ्या हत्याराच्या टोकाखाली साधा कागद ठेवावा आणि हत्यार अगदी हळूहळू खाली आणावे. कागद ओढताना अडखळू लागला, की पृष्ठभाग आला. हत्यार बदलले की त्याची लांबी बदलते. त्यामुळे झेडचा शून्य पुन्हा बांधावा लागतो. एक्स आणि वायचा मात्र तोच राहतो.

प्रत्यक्ष कोरण्याआधी झेडचा शून्य २० मि.मी. वर घेऊन सर्व आज्ञावली हवेत चालवावी. हत्यार हवेत पट रेखाटताना दिसते आणि वाटेतली अडचण लाकूड वाया न जाता लक्षात येते.

वेगाबद्दल दोन शब्द. दोन धारांचे हत्यार मिनिटाला १२,००० फेरे घेते. म्हणजे लाकडावर मिनिटाला २४,००० वेळा धार पडते. तेवढ्या वेळात ते १,२०० मि.मी. पुढे सरकते. भागाकार केला तर प्रत्येक धार लाकडाचा ०.०५ मि.मी. इतका पापुद्रा काढते. पुढे सरकण्याचा वेग फार कमी ठेवला, तर पापुद्रा निघण्याऐवजी धार नुसती घासते, उष्णता वाढते आणि लाकूड करपते. फार वाढविला तर हत्यारावर ताण येऊन ते मोडू शकते. बारीक पावडर न पडता स्वच्छ कीस पडत असेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. आवाजही ऐकावा. चिरका आवाज घासण्याची खूण असते.

सर्व रेघांची लांबी मोजली तर १,६८० मि.मी. भरते. दोन फेऱ्या धरल्या, तरी रेघा कोरण्याचा निव्वळ वेळ तीन मिनिटांच्या आत होतो. त्यानंतर गोल टोकाचे हत्यार बसवून २४ खळगे पाडावयाचे. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. हातमोजे मात्र घालू नयेत, ते फिरत्या हत्यारात अडकतात. ओढणी आणि केस बांधून ठेवावेत.

शेवटी १२०, १८० आणि २४० नंबरचे पॉलिशपेपर क्रमाने, तंतूंच्या दिशेने मारावेत. रेघांतील कुसे जुन्या दातांच्या ब्रशने निघतात. वरून अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवावी.

कौशल्य कोणाचे?

अशा यंत्राचा जन्म खेळण्यांसाठी झालेला नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत असे. पात्याची वक्र रेषा अनेक बिंदूंत मोडून तिचे आकडे काढावयाचे, एकाने ते मोठ्याने वाचावयाचे आणि दोघांनी यंत्राची दोन चाके त्याप्रमाणे फिरवावयाची, अशी रीत त्याने वापरली. माणसांच्या जागी मोटरी आल्या तर, या विचारातून १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने काम सुरू झाले. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारे यंत्र चालवून दाखवले.

याच सुमारास दुसराही एक मार्ग पुढे आला होता. कुशल कामगाराने पहिला नग हाताने करावयाचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवावयाच्या आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून काढावयाचे. हा मार्ग मागे पडला आणि आकड्यांचा मार्ग पुढे गेला. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले आहे, की ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. कामाचे ज्ञान कामगाराच्या हातून काढून कचेरीच्या टेबलावर नेण्याची मालकवर्गाची इच्छाही तिच्यामागे होती.

हे वाचले तेव्हा मला आमच्या भागातील देवघरे आठवली. त्यांच्या दारांवरची वेलबुट्टी पूर्वी पटाशीने कोरली जाई. आता तशीच नक्षी यंत्रावर एका दुपारी होते. कोरीव कामाची मागणी वडिलांकडे आता क्वचितच येते. यंत्राचे गुण गाताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिल्या पटाला जो विचार लागला, तो दहाव्या पटाला लागणार नाही, हे यंत्राचे बळ आहे. हाताने काम करणाऱ्याला दहाव्या पटालाही तेवढाच वेळ लागतो, आणि बाजारात वेळेचीच किंमत होते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुताराच्या घरी जन्मूनही रंधा कधी माझ्या हाती आला नव्हता. ते मुलींचे काम नव्हे, असे सगळेच समजत आले. आकड्यांच्या वाटेने मी त्या कामाच्या दाराशी पोचले. फळी तपासायला मी पहिल्यांदा वडिलांबरोबर वाकले, ती याच पटाच्या निमित्ताने. ज्या यंत्राने एकाचे काम काढून घेतले, त्यानेच दुसरीला आत येऊ दिले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

मग कौशल्य कोणाचे म्हणावयाचे? यंत्राकडे अचूकपणा आहे. ते न थकता सांगितलेल्या जागी जाते. पण कोणती फळी घ्यावी, ती कशी आखावी आणि गाठ कोठे असेल, हे त्याला सांगणारे कोणीतरी लागते. ज्याला आकडे येतात त्याला बहुधा लाकूड येत नाही, आणि ज्याला लाकूड येते त्याला आकड्यांजवळ कोणी बोलावीत नाही. कारखान्यातील यंत्रचालकाच्या शेजारी एखादा जाणता सुतार उभा राहिला, तर काम निश्चितच सुधारेल. त्याहून बरे म्हणजे सुतारालाच ही भाषा शिकवावी. ती दहा-बारा शब्दांची आहे. आयुष्यभर गुण्या आणि पट्टी वापरणाऱ्याला तिचे गणित परके नाही. परकी आहे ती लिपी, आणि लिपी शिकविणे हे तर महाविद्यालयात शिकणाऱ्यांचे काम आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात कॅरम आणि बुद्धिबळ आहेत, पण नवकंकरी नाही. आकडे वर दिलेच आहेत. ज्यांना यंत्र मिळणार नाही, त्यांनी फरशीवर खडूने तीन चौकोन काढावेत. डावाचे नियम बदलत नाहीत.